वाचनालयांतील व्याख्यान व माळ्यावरची वही

आमच्या तालुक्याच्या गांवीं कार्तिकी झाली कीं वाचनालयाच्या वरच्या दिवाणखान्यांतील सतरंज्या उन्हांत पडतात आणि व्याख्यानांचा हंगाम सुरू झाला असें आम्ही समजतों. नगरहून, पुण्याहून कोणी प्राध्यापक येतात. कधीं एखादे सेवानिवृत्त अधिकारी येतात. विषय बहुधा इतिहासाचा. इतिहासाला माणसें जमतात हें चालकांना अनुभवानें कळलें आहे. शेती व सहकार यांवरच्या व्याख्यानाला गेल्या वर्षीं चालक धरून अकरा डोकीं होतीं. किल्ल्यांवरच्या व्याख्यानाला मात्र जिन्यांत उभें राहावयासहि जागा मिळाली नाहीं. मी शाळेंत तीस वर्षें संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. निवृत्त झाल्यापासून पहिल्या रांगेंतली भिंतीकडची खुर्ची माझी असें ठरून गेलें आहे, आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांचें भाषण मूळ व्याख्यानाहून लांबलें तरी मी ती सोडीत नाहीं.

इतकीं वर्षें ऐकतां ऐकतां मनांत एक शंका मात्र घर करून राहिली होती. व्याख्यान रंगतें, टाळ्या पडतात, तरुण मंडळी मोबाईलवर तें टिपून घेतात, आणि दुसऱ्या दिवशीं गांवांत कोणाच्या वागण्यांत किंवा विचारांत तिळाएवढाहि फरक पडलेला दिसत नाहीं. असें कां व्हावें? आमच्याकडे इतिहास चारचौघांत सांगण्याची परंपरा कांहीं आजची नव्हे. ती कीर्तनाची आहे. पण कीर्तनकार उत्तररंगांत आख्यान लावतो तेव्हां त्याला पुरावा विचारण्याची रीत नाहीं, व ती नसावीहि. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आलें कीं त्याचें काम झालें. व्याख्यात्यानें तेवढ्यावर थांबून चालत नाहीं. त्यानें जें सांगितलें तें कोणत्या कागदावरून, कोणत्या शिळेवरून, आणि तो कागद वा ती शिळा मला पाहतां येईल काय, असें विचारण्याचा श्रोत्याला अधिकार आहे. आमचीं पुष्कळशीं इतिहासाचीं व्याख्यानें म्हणजे टाळ-मृदंगावांचूनचीं कीर्तनेंच असतात, आणि आम्ही श्रोतेहि तीं तशींच ऐकतों.

वास्तविक ज्या जिल्ह्यांत आम्ही राहतों त्याला सामग्रीची वाण नाहीं. २०२४ सालापासून जिल्ह्याचें व शहराचें नांव अहिल्यानगर झालें. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतल्या चौंडीचा, तेव्हां नांव परकें नव्हे. बोलण्यांत मात्र आम्ही पूर्वींहि नुसतें ‘नगर’ म्हणत होतों, अजूनहि तेंच म्हणतों. या नगरांत जिल्हा वाचनालय निघालें तें १८३८ सालीं, म्हणजे पुण्याच्या नगर वाचन मंदिराच्या दहा वर्षें आधीं. १९६० सालीं तेथें ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय झालें. जुनीं शस्त्रें, नाणीं, मूर्ति, पोथ्या आणि मोडी कागद तेथें जतन केलेले आहेत. संगमनेर तालुक्यांतलें जोर्वें १९५०-५१ च्या उत्खननानें साऱ्या देशांतल्या पंडितांना ठाऊक झालें. श्रीरामपूर तालुक्यांतल्या दायमाबादेस १९७४ सालीं झुडुपाचीं मुळें खणतांना एका भिल्लाला कांस्याचीं जनावरें व रथ सांपडला. भुईकोट किल्ल्यांत १९४२ ते १९४५ पर्यंत नेहरू, पटेल, मौलाना आझाद आदि पुढारी कैदेंत होते. तेव्हां विषय कमी पडतात असें कोणास म्हणतां यावयाचें नाहीं.

पण सामग्री उशापाशीं असून चुकीचें सांगत राहतां येतें, याचा दाखला दुसरीकडे शोधावयास नको. प्रस्तुत लेखकच आहे. नगरच्या पूर्वेस सहा मैलांवर, पाथर्डीच्या वाटेला, डोंगरावर एक अष्टकोनी तीन मजली दगडी इमारत दिसते. सारी पंचक्रोशी तिला चांदबीबीचा महाल म्हणते. मीहि म्हणत असें. इतकेंच नव्हे, तर दरवर्षीं मुलांची सहल तेथें नेऊन, १५९५-९६ च्या वेढ्यांत मोंगलांशीं झुंजलेली ती वीरांगना या खिडकींत उभी राहून आपल्या नगराकडे पाहत असे, असें वर्णन करीत असें. व सहामाहीला त्यावर निबंध घालीत असें. पुढें एका व्याख्यानांत ऐकलें कीं हा महाल नव्हेच. मूर्तजा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याची ती कबर आहे. मला राग आला. व्याख्यात्याचा नव्हे, पण कोणाचा हेंहि कळेना. पुढच्या रविवारीं पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून डोंगर चढलों आणि पहिल्यांदांच तळघरांत उतरून पाहिलें. थडगीं तेथें होतीं. इतक्या सहलींत मी एकदांहि खालीं उतरलों नव्हतों. वरच्या खिडक्यांतून वारा छान येतो, म्हणून मुलें व मी वरच बसत होतों. माझ्या हातून गेलेल्या किती मुलांच्या डोक्यांत ती खिडकी अजून उघडी असेल, हा हिशेब मी करीत नाहीं.

ही झाली दगडाची गोष्ट. तिच्यानें माझी थोडी फजिती झाली, पण कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. कागदाची गोष्ट तशी नव्हती.

गेल्या पौषांत वाचनालयांत एका तरुण प्राध्यापकांचें व्याख्यान झालें. विषय होता १८७५ सालचे दख्खनचे दंगे. नांवावरून गर्दी बेताची होती. तलवार नाहीं, किल्ला नाहीं. प्राध्यापकांनीं प्रथम एक घोळ निस्तरला. हे दंगे १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत सुरू झाले. आमच्या बाजूचा कोणीहि ‘सुपें’ म्हटलें कीं पारनेर तालुक्यांतलें, नगर-पुणें रस्त्यावरचें सुपें समजतो. तें हें नव्हे. तें पुणें जिल्ह्यांतलें, तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतलें, आतांच्या बारामती तालुक्यांतलें. मात्र आग आपल्याकडे यावयास वेळ लागला नाहीं. पारनेर, श्रीगोंदें, नगर, कर्जत या तालुक्यांत ती पसरली. ‘दंगे’ या शब्दानें डोळ्यांपुढें रक्तपात उभा राहतो, तोहि फारसा झाला नव्हता. लोक सावकाराच्या दारीं जमत, खतें बाहेर काढा म्हणत, आणि मिळालीं कीं जाळीत किंवा फाडीत. माणसावर हात टाकण्यापेक्षां कागदावर टाकण्याकडे त्यांचा रोख होता.

कागदावरच कां, हें प्राध्यापकांनीं फार चांगलें उलगडून सांगितलें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारानेंहि हात सैल सोडून कर्जें दिलीं. युद्ध संपलें, भाव कोसळले, सरकारनें मात्र सारा वाढविला. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताला तीन वर्षांचीच मुदत ठरविली होती. कायद्याचा हेतु कुळाला जुन्या दाव्यांतून सोडविण्याचा. परिणाम उलटाच झाला. मुदत भरत आली कीं सावकार नवें खत लिहून घेई, आणि तोंवरचें व्याज मुद्दलांत जाऊन बसे. घेतलेले चाळीस रुपये एक पैसाहि नवा न घेतां तीन-तीन वर्षांच्या पायरीनें दीडशेंवर जात. हें गणित मी शाळेंत चक्रवाढ व्याजाच्या पाठांत कितीदां सोडवून दिलें आहे. परंतु त्या गणितानें कोणाचें शेत गेलें असेल असें फळ्यापाशीं कधीं मनांत आलें नाहीं.

मग पडद्यावर त्या काळच्या एका खताचें चित्र आलें. वळणदार मोडी अक्षर, आणि तळाशीं कुळाची सही म्हणून काढलेला लहानसा नांगर. लिहितां न येणारा शेतकरी नांगराची निशाणी करी. सभा अगदीं निःशब्द झाली. तेवढ्यांत मागच्या रांगेंतून एक वृद्ध शेतकरी उठले. आमच्या मूळ गांवचेच. मी त्यांना तोंडओळखीनें ओळखतों. त्यांनीं विचारलें, “साहेब, नांगर आमचा, पैका सावकाराचा. मग मधला मजकूर लिवला कुणी?”

प्राध्यापक म्हणाले, “गांवांत ज्याला लिहितां येई त्यानें. बहुधा कुलकर्ण्यानें.”

कोणी माझ्याकडे वळून पाहिलें असें नाहीं. मला मात्र तसें वाटलें खरें. आमच्या घरीं त्या गांवचें कुळकर्ण माझ्या आजोबांपर्यंत चाललें. आमच्या माळ्यावर जुन्या कागदांचे तीन रुमाल आहेत आणि ते माझ्या हयातींत कोणी सोडलेले नाहींत, हें त्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवलें.

शेवटीं प्राध्यापकांनीं दोन उदाहरणें दिलीं. एक आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचें. घरोघरचीं दप्तरें धुंडीत हा पुरुष महाराष्ट्रभर हिंडला. वाईस मिळालेल्या पत्रांचा त्याचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि पानिपताचा इतिहास नव्यानें लिहिणें भाग पडलें. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तेंहि याच ओढीनें. तेथल्या पाक्षिक सभांतून अस्सल कागद पुढें ठेवून बोलण्याची शिस्त पडली. दुसरें उदाहरण स्वीडन देशांतलें. स्वेन लिंडक्विस्ट या लेखकानें १९७८ सालीं एक पुस्तक लिहिलें. ‘उभे आहां तेथेंच खणा’ असा त्याच्या नांवाचा अर्थ. कारखान्याचा इतिहास मालकानें लिहवून घ्यावा व कामगारानें तो वाचावा असें कां? कामगारानेंच आपल्या कारखान्याचा इतिहास शोधावा, असें त्यानें सांगितलें. हें ऐकून टाळ्या पडल्या. मीं वाजविल्या किंवा नाहीं, आठवत नाहीं.

घरीं आल्यावर जेवतांना विषय काढला. आमचें घर अजून एकत्र आहे. वडील बंधु अण्णा, वहिनी, आम्ही दोघें, दोन पुतणे, त्यांच्या बायका व मुलें अशीं तेरा पानें मांडलीं जातात. अण्णा म्हणाले, “रुमाल आहेत तेथें राहूं देत. जुना कागद म्हणजे जुनें भांडण. कूळकायद्यांत गेलें तें गेलें. आतां कोणी म्हणावयास नको कीं मास्तर कागद उकरतो आहे, म्हणजे याचा जमिनीवर डोळा आहे.” अण्णांचें हें बोलणें वेडगळ नव्हे. ज्यांनीं तो काळ पाहिला त्या घरांतून ही धास्ती अजून आहे. पण धाकट्या पुतण्याची बायको शासनाच्या पुराभिलेख खात्याच्या वर्गांत मोडी शिकून आलेली. तिनें एवढेंच विचारलें, “नानाकाका, मी नुसतें वाचून पाहूं का? द्यायचें-ठेवायचें मागून ठरवा.” वहिनी म्हणाल्या, “वाळवीनें वाचण्यापेक्षां सूनबाईनें वाचलेलें बरें.” त्यावर कोणाला बोलतां आलें नाहीं.

पहिल्या दोन रुमालांत पट्ट्यांच्या पावत्या, लग्नांच्या याद्या, एक सर्पदंशाचा उतारा आणि कोण्या भटजीशीं दक्षिणेवरून झालेला तंटा निघाला. तिसऱ्यांत एक लांबट वही होती. पणजोबांच्या हातची. त्यांनीं गांवकऱ्यांचीं जीं जीं खतें लिहिलीं त्यांची नोंद: तिथि, कुळाचें नांव, रक्कम, सावकाराचें नांव आणि शेवटीं लिहिणावळ, बहुधा दोन आणे. सूनबाई वाची व मी टिपून घेई. पणजोबांचें अक्षर फार सुंदर. आमच्या घरीं त्या अक्षराची कीर्ति आजोबांपासून चालत आली आहे. तें कशाकशावर खर्च झालें हें मात्र कोणीं सांगितलें नव्हतें.

शके १७९६, भाव नाम संवत्सर, म्हणजे इसवी १८७४-७५, येथपर्यंत नोंदी संथपणें येतात. मग त्यांतल्या नऊ नोंदींच्या समासांत वेगळ्या शाईनें एकच शब्द दिसूं लागतो: ‘जळालें’. सूनबाईनें तो पहिल्यांदां वाचला तेव्हां तिला वाटलें आपण चुकलों. दुसऱ्या नोंदीपाशीं तोच. आम्ही दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. आमच्या लहानशा गांवींहि होळी झाली होती तर!

तिनें पान उलटलें. शके १७९७ च्या आषाढ-श्रावणांत त्या नऊ कुळांपैकीं सहांचीं नांवें पुन्हां आलीं आहेत. तेंच नांव, तोच सावकार, तीच रक्कम, आणि पुढें ‘नवें खत’. लिहिणावळ पुन्हां दोन आणे.

याचा अर्थ समजावयास मोडी यावी लागत नाहीं. खतें जळालीं होतीं. कोणाचें किती देणें हें सावकाराच्या कीर्दीखेरीज या वहींतच लिहिलेलें उरलें होतें. लोकांनीं जें जाळलें तें पुन्हां उभें करावयास आमच्या घरची वही उपयोगीं पडली असावी, असें मला वाटतें. ‘असावी’ असें म्हणतों, कारण वही नोंद करते, कारण सांगत नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आणि अशा वेळीं मन कोठें पळतें पाहा: सहा लिहिलीं, पण तीन सोडलीं ना? पणजोबांनीं तीन कुळांच्या नोंदी सावकाराला मुद्दाम दाखविल्या नसतील काय? दयाळु होते म्हणतात. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचें एक आख्यानच मीं रचलें: सावकार दारांत उभा, पणजोबा वहीवर हात ठेवून बसलेले. सकाळीं ऊन पडल्यावर तें वितळलें. ते तिघे गांव सोडून गेले असतील, मेले असतील, त्यांनीं पैसे फेडले असतील, किंवा सावकारापाशीं दुसरा पुरावा असेल. ती खिडकी मीं पुन्हां एकदां मनानेंच उघडली होती. तळघरांत उतरलों नव्हतों.

नोंदी शके १८०२ च्या सुमारास विरळ होऊन थांबतात. १८७९ च्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्यानें पुणें, नगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांत खतें गांव-निबंधकापुढें लिहावीं असें ठरलें, आणि जुन्या खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती हें तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. पणजोबांची लिहिणावळ त्यामुळें बंद झाली असावी, असा सूनबाईचा तर्क आहे. तो मला पटतो.

मीं अण्णांना सर्व वाचून दाखविलें. वही संग्रहालयास द्यावी, आणि त्याआधीं वाचनालयांत तिच्यावर मींच बोलावें, असा माझा विचार सांगितला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या सहांचीं घरें गांवांत आहेत. आपण त्यांच्या लग्नाकार्याला जातों. चारचौघांत आपल्याच पणजोबांचें नांव घेऊन हें सांगणार तूं?” थोड्या वेळानें म्हणाले, “सांगायचेंच तर तीन राहिलीं तेंहि सांग.” वहिनी आंतून म्हणाल्या, “तीन सांगतील, सहा सांगतील, आणि तिघांचें काय झालें तें ठाऊक नाहीं हेंहि सांगतील. भाऊजी मास्तर आहेत.” त्या माझ्या वतीनें बोलल्या कीं मला बजावीत होत्या, हें अजून नीट कळलेलें नाहीं.

ज्या वृद्ध गृहस्थांनीं सभेंत प्रश्न विचारला त्यांचें आडनांव त्या सहांत आहे. न विचारतां सभेंत त्यांच्या पूर्वजांचें नांव घेणें बरें नव्हे, म्हणून मी त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं ओसरीवर घोंगडी टाकली, चहा आला. मीं वही उघडून नोंद वाचून दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचावयास लाविली. दुसऱ्या खेपेस नांवापाशीं थांबवून म्हणाले, “हे आमच्या आज्याचे बाप. नांव ठाव नव्हतं. आमच्यात कागुद न्हाई, गुरुजी. सारं तुमच्याच घरांत.” मग म्हणाले, “वाचा सभेंत. आमची पोरंबी आणतो.” रागावले किंवा नाहीं तें चेहऱ्यावरून मला उमगलें नाहीं. मला पोंचवावयास मात्र ते वेशीपर्यंत आले.

ज्यांच्या माळ्यावर असे रुमाल असतील त्यांना या निमित्तानें दोन शब्द. रुमाल सोडण्याआधीं आंत काय कोणत्या क्रमानें आहे याची यादी करा. क्रम मोडला कीं निम्मा अर्थ जातो. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावूं नका, घडी मोडावयास इस्त्री फिरवूं नका, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नका. धुतलेला सुती कपडा व आपली जुनी वेखंडाची पुरचुंडी पुरे. छायाचित्रें आधीं काढून ठेवा. संग्रहालयास देतांना ठेव म्हणून देतां कीं कायमचें देतां हें लेखी असूं द्या आणि पोंच घ्या. दुसऱ्या एका गांवच्या संस्थेला मीं पूर्वीं एक पोथी विनापोंच दिली होती. ती आतां कोठें आहे हें तेथें कोणासहि सांगतां येत नाहीं.

वाचनालयाच्या चालकांनीं चैत्रांतली तारीख दिली आहे. व्याख्यानाचें नांव ‘नगर जिल्ह्यांतील सावकारी : एक दृष्टिक्षेप’ असें त्यांनीं सुचविलें होतें, मीं तें बदलून ‘आमच्या घरची एक वही’ असें केलें. सूनबाई सगळी वही बाळबोधींत उतरून काढते आहे. काल तिचीं चौतीस पानें झालीं. अण्णा सभेला येणार किंवा नाहीं हें त्यांनीं सांगितलेलें नाहीं. परवां मात्र त्यांनीं वहींत पणजोबांची सही कोठें आहे तें मला विचारलें, चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली, आणि वही बांधावयास आपलें एक जुनें धुवट उपरणें काढून दिलें.